डी भरलं, पण कंबरेचं काय?

फाईल टेबलावर येते तीच मधल्या पानावर बोट ठेवून. “डॉक्टर, डी फक्त अकरा आलंय.” बाई सेहेचाळीस वर्षांच्या. बँकेत नोकरी, घरी दहावीतला मुलगा आणि सासूबाई. अकराच्या आकड्याला त्यांनी स्वतःच लाल पेनाने गोल केलेला. मी दोन पानं मागे जाते. उपाशीपोटीची साखर ११२, एचबीएवनसी ६.१, ट्रायग्लिसराइड्स १९०, एचडीएल ३८. यांतल्या एकाही आकड्याभोवती गोल नाही. “ते काय, बॉर्डरलाइन आहे म्हणाले,” एवढं सांगून बाई पुन्हा डीकडे वळतात.

अशा फायली गेल्या काही वर्षांत इतक्या पाहिल्या आहेत की लाल गोल कुठे असणार हे न उघडताच कळतं. कारणही उघड आहे. डी कमी असलं तर पुडी मिळते. आठ आठवडे दुधातून घेतली की आकडा वर येतो आणि आपण काहीतरी केलं असं वाटतं. बॉर्डरलाइन साखरेला पुडी नाही. तिथे रात्रीचं जेवण किती वाजता, झोप किती, दिवसभरात खुर्चीतून उठता किती वेळा, असल्या नकोशा चौकशा सुरू होतात.

या दोन पानांचं एकमेकांशी नातं आहे, पण बहुतेकींना वाटतं तसं नाही. ‘डी कमी म्हणून वजन वाढलं, डी कमी म्हणून साखर चढली’ हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा ऐकते. डी भरून काढा, जरूर काढा. पण ते हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. साखरेचं काम त्याच्यावर सोपवून मोकळ्या होऊ नका. असं का म्हणते, ते जरा सविस्तर सांगते.

आधी तपासणीचं बघू, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. उन्हाने त्वचेत तयार झालेलं किंवा पोटातून आलेलं डी यकृतात जातं. तिथे त्याचं २५-हायड्रॉक्सी रूप होतं. हा आपला साठा. रक्तात दोन-तीन आठवडे टिकणारा. त्यातलं थोडं थोडं मूत्रपिंडात जाऊन १,२५-डायहायड्रॉक्सी होतं. प्रत्यक्ष काम करतं ते हे, पण टिकतं जेमतेम काही तास. साठा बघायचा तर पहिलं मोजायचं. दुसरी तपासणी महागही असते आणि फसवीही, कारण डी कमी असताना शरीर उरलंसुरलं घाईने कामाला लावतं आणि तो आकडा चक्क नॉर्मल, कधी चढाही दिसतो. तेव्हा चिठ्ठीवर ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ लिहिलंय ना, एवढं बघा.

आकडा नॅनोग्रॅममध्ये आहे की नॅनोमोलमध्ये, तेही बघा. आपल्याकडच्या लॅब बहुधा नॅनोग्रॅम वापरतात. लंडनमधल्या लेकीने व्हॉट्सअ‍ॅपवर “आई, माझं डी ५०” असं कळवलं की इकडे आईला वाटतं, वा, माझ्या चौपट! तिचे ५० नॅनोमोल म्हणजे आपले २० नॅनोग्रॅम. अडीचने भागायचं.

२० च्या खाली कमतरता, १२ च्या खाली तर चांगलीच कमतरता, इथवर सगळे एका बाजूला आहेत. २० ते ३० च्या पट्ट्यावर मात्र डॉक्टरांचंच एकमत नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ साली २० पुरेसं मानलं. त्याच वर्षी तिथल्या एंडोक्राइन सोसायटीने ३० हवं म्हटलं. २०२४ मध्ये याच सोसायटीने तो ३० चा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नका, असं सांगितलं. म्हणून २४ आलं तर झोप उडवून घेऊ नका. ११ आलं तर उपचार घ्या.

आणि एक बारीक गोष्ट, जी लॅबमध्ये सहसा कुणी विचारत नाही. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवा. काही पद्धतींच्या तपासण्यांत बायोटिन लुडबुड करतं. डी खोटंच चांगलं दिसतं आणि थायरॉइडचा टीएसएच खोटाच कमी.

आता उन्हाचं. सूर्य डोक्यावर असलेल्या देशात डी कमी कसं, हा प्रश्न नवा वाटतो, पण त्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी आपल्याच नाशिकमध्ये मिळालं होतं. हचिसन आणि शहा या दोघांनी त्या भागातल्या मुडदुसाची पाहणी केली आणि १९२२ साली ती प्रसिद्ध झाली. शेतावर राबणाऱ्या, खाण्याची ददात असलेल्या घरांत त्यांना मुडदूस दिसेना. दिसला तो खात्यापित्या घरांत, जिथल्या बायका पडदा पाळत, आणि त्यांच्या लेकरांत. हाडं मऊ झालेल्या आया आणि वाकड्या पायांची मुलं. दूधतूप तिथे कमी नव्हतं. ऊन कमी होतं.

आज पडदा नाही. पण सकाळी साडेनऊला पुण्यातल्या कुठल्याही सिग्नलला उभ्या राहा. दुचाकीवरच्या मुलीच्या डोक्याभोवती स्कार्फचे दोन वेढे, वर गॉगल, कोपराच्या वरपर्यंत हातमोजे, पांढरा सनकोट, पायात मोजे. उघडं काय, तर नाकाचा शेंडा, तोही कधी कधी. मी तिला दोष देत नाही; धूळ, धूर आणि चेहऱ्यावरचे वांग यांचा त्रास खरा आहे. पण ऑफिसात शिरल्यावर ट्यूबलाइट, घरी आल्यावर ट्यूबलाइट, आणि रविवारी कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी, असा आठवडा गेला की डी येणार कुठून? घरीच असणाऱ्या बाईची स्थिती निराळी नाही. दहाव्या मजल्यावरच्या खिडकीतून येणारं ऊन कितीही झगझगीत असो, बंद काचेतून डी बनवणारे अतिनील-बी किरण आत येत नाहीत. काचेमागे बसून नुसतं उकडतं.

‘कोवळं ऊन’ हा आपला लाडका शब्द. बाळाला तेल लावून सकाळी सातच्या उन्हात घेऊन बसणारी आजी मलाही आवडते. पण सातच्या उन्हात हे किरण जवळपास नसतात. सूर्य तिरपा असला की ते वरच्या हवेतच शोषले जातात. ओळखायची खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर डी बनतं, लांब असेल तर फारसं बनत नाही. पुण्या-मुंबईत उन्हाळ्यात अशी वेळ बरीच मोठी असते. डिसेंबरमध्ये ती साधारण साडेअकरा ते दीड एवढीच उरते. म्हणजे नेमकी डबा खायची वेळ. तेव्हा डबा झाल्यावर कॅन्टीनमध्ये बसून राहण्यापेक्षा बाहेर पडा, बाह्या कोपराच्या वर, पायात मोजे नकोत, पंधरा-वीस मिनिटं चाला. मे महिन्यात अर्थातच एवढ्या वेळाची गरज नाही आणि चटका बसेपर्यंत थांबायचं तर कधीच नाही. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो आणि साठीनंतर त्वचेची डी बनवण्याची ताकद घटते, हे धरून चला. वांग असतील तर चेहरा खुशाल झाका, सनस्क्रीन लावा. चेहऱ्याचं क्षेत्रफळ ते किती! हात, पाय, मान-पाठ यांनी काम भागतं. गच्ची असलेल्यांनी पापड-कुरडयांच्या निमित्ताने पूर्वी जे होत होतं, ते निमित्त नसताना करायचं.

आहारातून फार अपेक्षा नको. प्रौढ स्त्रीची रोजची गरज ६०० आययू धरली आहे आणि एका अंड्याच्या बलकात साधारण ४० मिळतात. पंधरा अंडी कोण खाणार? बांगडा, तारली असे तेलकट मासे खाणाऱ्या कोकण-गोव्याकडच्या बायका यात थोड्या नशीबवान. शाकाहारी घरांत दुधाच्या पिशवीवर निळं ‘+एफ’ चिन्ह आहे का ते बघा. त्या दुधात डी मिसळलेलं असतं, लिटरमागे २०० ते ३०० आययू. कपभर दुधात पन्नास-पाऊणशे. बरं आहे, पुरेसं नाही. साध्या दुधात, तुपात, भाजीत डी जवळजवळ नाहीच.

आता मूळ मुद्दा. डीचा आणि साखरेचा संबंध काय?

संबंध आहे असं मानायला जागा आहे. इन्शुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडातल्या पेशींवर, स्नायूंवर, चरबीवर डीला ओळखणारी कुलपं आहेत. डी कमी असलेल्या बायकांत मधुमेह, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स, पीसीओडी जास्त दिसतात, हे जगभर पुन्हा पुन्हा आढळलं आहे. एवढ्यावर कुणीही म्हणेल, डी द्या, साखर उतरेल. पण ‘सोबत दिसणं’ आणि ‘त्यामुळे होणं’ यांत अंतर असतं. छत्र्या दिसतात तेव्हा पाऊस असतो. छत्र्या वाटून पाऊस पडत नाही.

डी चरबीत विरघळतं, आणि शरीरातली चरबी वाढली की ते त्यात पसरून जातं. वाटीभर वरणात चिमूटभर मीठ टाका आणि तेवढंच मीठ पातेलंभर वरणात टाका. पातेल्यातलं अळणी लागणार. मीठ कुठे गेलेलं नाही, वरण वाढलंय. म्हणून वजन जास्त असलेल्या स्त्रीला तोच आकडा गाठायला दोन ते तीन पट मात्रा लागू शकते. २०१३ साली एका मोठ्या जनुकीय अभ्यासाने हे उलटसुलट करून तपासलं. ज्यांच्या जनुकांतच वजन वाढण्याचा कल होता त्यांचं डी कमी निघालं. ज्यांच्या जनुकांत डी कमी राहण्याचा कल होता त्यांचं वजन मात्र त्यामुळे वाढलेलं निघालं नाही. म्हणजे वाढलेलं वजन डी खाली आणतं. कमी डी वजन वाढवतं याला पुरावा मिळाला नाही. त्यात आणखी एक भर घाला: जी बाई दिवसभर आत बसते तिला ऊनही मिळत नाही आणि चालणंही होत नाही. एकाच दिनक्रमाच्या दोन पावत्या फाईलच्या दोन पानांवर.

मग डी देऊन बघितलंय का कुणी? बघितलंय, आणि मोठ्या प्रमाणावर. अमेरिकेत पाळी गेलेल्या ३६ हजारांहून जास्त बायकांना सुमारे सात वर्षं कॅल्शियम आणि रोज ४०० आययू डी किंवा दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. मधुमेह दोन्ही गटांत सारखाच झाला. ‘मात्रा कमी होती’ असं लोक म्हणाले, ते बरोबरही होतं. मग २०१९ मध्ये डी-टू-डी या चाचणीचे निकाल आले: साखर सीमेवर असलेले २,४२३ स्त्री-पुरुष, रोज ४,००० आययू, अडीच वर्षं. डी घेणाऱ्यांत मधुमेह किंचित कमी झाला, पण तो फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान होता. २०२३ मध्ये अशा तीन चाचण्यांची आकडेमोड एकत्र केली तेव्हा धोका सुमारे १५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. तीन वर्षांत शंभरातल्या साधारण तिघांचा मधुमेह टळला किंवा लांबला. शून्य नाही. आणि डी-टू-डीतल्या बहुतेकांचं डी मुळात बरं होतं. १२ च्या खाली असलेल्या छोट्या गटाला फायदा जास्त झालेला दिसला. म्हणूनच मी अकरावाल्या बाईंना डी देते, त्यात टाळाटाळ करत नाही.

पण शेजारचा आकडाही बघा. अमेरिकेतल्याच २००२ च्या मधुमेह-प्रतिबंध चाचणीत वजन सात टक्के उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं यांनी तो धोका ५८ टक्क्यांनी कमी केला. ‘ते गोरे लोक, आपलं वेगळं’ म्हणाल, तर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने आपल्याच लोकांत केलेल्या २००६ च्या चाचणीत आहार-व्यायामाने २८.५ टक्के घट मिळाली. म्हणजे पुडीच्या जवळपास दुप्पट. आणि चालायला गेलात तर ऊन फुकट.

‘पण डॉक्टर, मी तर बारीकच आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचीच एक गोष्ट. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी असलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय तोच, २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२. वजनकाटा आपल्याला फसवतो. हातापायाच्या काड्या आणि मध्ये पोट, ही आपली घडण. साडीत ते पोट छान लपतं, हाही एक तोटाच.

डी घ्यायचं ठरलं, तर कसं? कमतरता चांगलीच असेल तर आपल्याकडे साधारणपणे ६० हजार आययूची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात. नंतर रोज हजार-दोन हजार आययूची छोटी गोळी, किंवा डॉक्टर सांगतील तसं महिन्याकाठी एक. जेवणानंतर घ्या, तेही तूप-तेल असलेल्या जेवणानंतर; उपाशीपोटी काळ्या कॉफीबरोबर घेतलेलं डी नीट शोषलं जात नाही. फेरतपासणी तीन महिन्यांनी. पंधरा दिवसांत पुन्हा रक्त देणं म्हणजे पैसे फुकट.

‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द पुडीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, वारही लिहा. हे उगाच सांगत नाही. एक आजी माझ्याकडे आल्या त्या सतत मळमळ, बद्धकोष्ठ, रात्री पाच-सहा वेळा लघवी आणि थोडा गोंधळलेपणा घेऊन. सुनेला वाटलं म्हातारपण. मी औषधांची पिशवी टेबलावर उपडी केली तर पुड्यांची पाकिटं निघाली. आजी दोन महिने ती पुडी रोज सकाळी नेमाने दुधातून घेत होत्या. ताकदीची आहे ना, मग रोज घेतली तर लवकर गुण येईल, एवढाच हिशेब. साठ दिवसांची बेरीज ३६ लाख आययू. रक्तातलं कॅल्शियम चढलेलं होतं, मूत्रपिंडावर ताण आला होता. दवाखान्यात राहून सलाइन घ्यावं लागलं, महिनाभर धावपळ झाली. बी-कॉम्प्लेक्स जास्त झालं तर लघवीवाटे जातं. डी जात नाही, चरबीत साठून राहतं.

सहा लाखांचं इंजेक्शन एकदाच मारून वर्षभर निर्धास्त, हाही मोह असतो. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या २,२५६ बायकांत वर्षातून एकदा पाच लाखांची मात्रा देऊन पाहिली होती. २०१० साली निकाल आले: डी घेणाऱ्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. तेव्हा थोडं थोडं, नेमाने. मुतखडा होऊन गेला असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, टीबी किंवा सारकॉइडोसिस असेल, रक्तदाबासाठी पाण्याची गोळी चालू असेल, तर स्वतःहून सुरूच करू नका. फिट्सची काही औषधं आणि टीबीची रिफॅम्पिसिन डी लवकर संपवतात, तिथे मात्रा निराळी लागते. कॅल्शियमची गोळी डीसोबत घेतलीच पाहिजे असंही नाही. अमेरिकेतल्या त्याच मोठ्या चाचणीत दोन्ही घेणाऱ्या बायकांत मुतखडे १७ टक्के जास्त निघाले होते. नाचणीची भाकरी, तीळ, दही-ताक, सुकट-बोंबील यांतून कॅल्शियम येत असेल तर गोळी कशाला?

थकवा, अंग मोडून येणं, टाचा दुखणं यांचं खापरही हल्ली सरसकट डीवर फुटतं. डी फार कमी असेल तर नडग्या दाबल्यावर दुखतात, मांड्यांतला जोर जातो, खाली बसलं की हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठवत नाही. ते खरं डीचं दुखणं. पण नुसता थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन बघा, मग थायरॉइड, आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२. जाता जाता: शरीरात लोह कमी असेल तर एचबीएवनसी खरं असतं त्यापेक्षा चढं दिसू शकतं. पाळीत खूप रक्त जाणाऱ्या बाईने म्हणून त्या एका आकड्यावर न थांबता उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही मोजावी.

बाईच्या आयुष्यात काही टप्पे असे येतात की तिथे हे सगळं एकदम गळ्याशी येतं. पीसीओडी असलेल्या मुलींत डी कमी सापडतं, ते भरावं. पण पाळी नियमित करण्याचं औषध म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. गरोदरपणी डी लागतंच, मात्र मात्रा प्रसूतितज्ज्ञ ठरवतील, शेजारीण नाही. अंगावरच्या दुधात डी कमीच असतं, म्हणून बाळाला रोज ४०० आययूचे थेंब देतात. ते वर्षभर चुकवू नका, आजीचं कोवळं ऊन चालू असलं तरी.

ज्यांना गरोदरपणात साखर झाली होती, त्यांच्यासाठी जरा थांबते. बाळंत झाल्यावर साखर उतरते, सगळे हुश्श करतात, आणि बाईची फाईल कपाटात जाते. ती पुन्हा उघडते थेट दहा वर्षांनी, मधुमेह घेऊन. अशा बाईने प्रसूतीनंतर सहा ते बारा आठवड्यांत ग्लुकोज पिऊन साखरेची तपासणी करायलाच हवी, आणि पुढे आयुष्यभर एक ते तीन वर्षांनी साखर बघत राहायला हवं. बाळाच्या लसीच्या तारखा जिला तोंडपाठ असतात, तिला स्वतःची ही एक तारीख आठवत नाही. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी आठवण ठेवावी, हे मी नवऱ्यांना उद्देशून म्हणते आहे.

पाळी जाताना चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, हाडं झपाट्याने विरळ होतात, झोप तुटते. तेव्हा डी महत्त्वाचं आहेच. पण हाडाला नुसतं डी नको असतं, ओझंही हवं असतं. स्नायू ओढला गेला की हाड टिकतं, आणि जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वांत जास्त ओढून घेणारा अवयवही स्नायूच. एका कामात दोन्ही पानं सुधारतात ती इथे. महागडं जिम नको. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा आणि घड्याळ लावा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर मांड्या कमजोर आहेत. तीच कृती रोज दहा-दहा वेळा करा, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. रात्रीच्या जेवणानंतर ओट्याची आवराआवर दुसऱ्यावर सोपवून दहा-पंधरा मिनिटं खाली फेऱ्या मारा. पोळ्या एकाने कमी करा आणि उसळीची वाटी मोठी घ्या. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, रताळं आणि राजगिऱ्याचा लाडू एकाच वेळी खाऊन ‘आज काही खाल्लं नाही’ असं म्हणू नका. मी शनिवारी सकाळी साखर मोजते तेव्हा शुक्रवार दिसतो.

कंबर मोजायची ती साडी-सलवारच्या नाडीपाशी नाही. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर टेप ठेवा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच. ती ओलांडली असेल आणि ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा वर, एचडीएल ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटीची साखर १०० किंवा वर, यांतल्या दोन गोष्टी सोबत असतील, तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. बँकेतल्या बाईंची कंबर मी मोजली, ९१ निघाली. साखर, ट्रायग्लिसराइड्स आणि एचडीएल तर आधीच कागदावर होते. डीची पुडी मी लिहून दिलीच, आठवड्यातून एक, रविवारी, जेवणानंतर. बाकीच्या चार आकड्यांना त्यांच्याच लाल पेनाने गोल करायला लावले.

त्या तीन महिन्यांनी पुन्हा आल्या तेव्हा डी ३४ होतं. साखर १०९, कंबर ९०. “डी तर भरलं, मग बाकीचं का नाही?” असं विचारलं त्यांनी. चालायला जाता का, असं मी विचारलं. दहावीचं वर्ष आहे, म्हणाल्या.

शिवणाच्या डब्यात टेप असेलच. पुढच्या खेपेला फाईल घेऊन याल तेव्हा पहिल्या पानावर कंबरेचा आकडा स्वतःच्या हाताने लिहून आणा.